बॅकअप आहे हो, पण उघडून कोणी पाहिलाय?

गेल्या महिन्यात एका जुन्या बातमीची गरज पडली. आमच्या तालुक्यातल्या पाणीयोजनेची, २०१३ ची. फोटो, ठरावांच्या प्रती, सगळं माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसला तेव्हाही मी निर्धास्त होतो, कारण दर दिवाळीला सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकायचो. कपाटातून डिस्क काढली, जोडली. फोल्डर दिसले, नावंही बरोबर. उघडले तर आत नुसते शॉर्टकट! म्हणजे कित्येक वर्षं मी फायली नाही, त्यांच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या जपत होतो. एकदाही दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलं नव्हतं.

चूक माझीच. पण वाचायला लागलो तेव्हा कळलं, की यात मोठमोठे फसलेत.

३१ जानेवारी २०१७. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात, त्या गिटलॅब नावाच्या कंपनीत एक इंजिनिअर रात्री उशिरा बिघाड दुरुस्त करत होता. जोड सर्व्हरवरचा डेटा पुसून पुन्हा भरायचा होता. हुकूम दिला, आणि सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

बॅकअप होते की! एक-दोन नाही, पाच प्रकारची व्यवस्था कागदावर होती. रोजची प्रत जिथे जायची ती जागा उघडली, तर रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारं साधन ९.२ चं. ते रोज चालू व्हायचं, चूक दाखवून बंद पडायचं. त्याची ईमेलही जायची, पण ती पाठवण्यात तांत्रिक त्रुटी होती, म्हणून समोरचा सर्व्हर ती नाकारायचा. म्हणजे घरात चोरी होतेय आणि राखणदाराचा आवाज दाराबाहेरच अडकलाय.

वाचले कशामुळे? कोणीतरी चाचणीसाठी सहा तास आधी सहज एक प्रत काढली होती. तेवढ्यावर साइट पुन्हा उभी राहिली. मधल्या तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. कंपनीने मात्र एक केलं. काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपणात जगाला दाखवलं, चुका लिहून प्रसिद्ध केल्या.

आता थोडं मागे जाऊ, कोरियात. जोसॉन घराण्याच्या दरबारी नोंदींच्या चार प्रती चार गावी ठेवलेल्या असत. १५९२ ला जपानी सैन्य आलं आणि तीन जळाल्या. चौथी, जॉन्जूची, आन उई आणि सोन होंग-रोक या दोन स्थानिक विद्वानांनी डोंगरात नेऊन लपवली, राखली. युद्धानंतर त्या एका प्रतीवरून पुन्हा छपाई झाली आणि नव्या प्रतींसाठी बहुतेक जागा दुर्गम डोंगरांत निवडल्या.

मला भावलं ते पुढचं. प्रती ठेवून दरबार गप्प बसला नाही. ठरावीक वर्षांनी अधिकारी डोंगर चढून जायचे, पेट्या उघडायचे, ग्रंथ ऊन-वारा देऊन पुन्हा बंद करायचे, आणि केल्याची नोंद ठेवायचे. आपल्या जुन्या दप्तरांतले रुमाल सोडून वाळवी बघायचे, तसंच. म्हणून ४७२ वर्षांच्या त्या नोंदी आजही आहेत.

आणि त्याच कोरियात, २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींची जी-ड्राइव्ह, ८५८ टीबी, जळाली. तिची बाहेर प्रतच नव्हती. आकार फार मोठा आहे म्हणे, म्हणून. चारशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते इतक्या प्रगत देशात विसरलं गेलं.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं, फायली जळाल्या, तेव्हा सगळ्यांना संगणकीकरण आठवलं. आज सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, सगळं कॉम्प्युटरवर आहे. चांगलंच आहे. पण ऑफिसात विचारलं तर उत्तर एकच, "बॅकअप आहे ना साहेब, रोज होतो." इथे थांबू नका. तीन गोष्टी विचारा. त्या बॅकअपमधून डेटा परत काढून शेवटचं कधी पाहिलं? किती वेळ लागला? आणि प्रत याच इमारतीत आहे की दुसऱ्या गावी? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. मी आमच्या नगरपालिकेत या आठवड्यात टाकतोय, उत्तर आलं की इथेच लिहीन.

आणि घरचं? लेकराचे फोटो, आईच्या रिपोर्टच्या फायली, जमिनीची कागदं. आज रात्री जेवण झालं की ती डिस्क काढा, दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावा आणि कुठल्याही पाच फायली उघडून बघा. नाव वाचून सोडू नका. उघडा.