आदान-पडताळणी: अपवाद आणि परतमूल्य

आदान-पडताळणी म्हणजे संगणकप्रणालीला पुरविलेली माहिती अपेक्षित स्वरूपाची आहे की नाही, हे तपासण्याची प्रक्रिया होय. माहिती सदोष आढळल्यास पडताळणी करणारे फंक्शन एकतर दोषदर्शक परतमूल्य देते, किंवा अपवाद निर्माण करून पुढील काम तेथेच थांबवते.

परतमूल्य

चूक अपेक्षित असते तेव्हा ही पद्धत सोयीची ठरते. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी कळमनुरीत जन्मलेल्या व्यक्तीच्या जुन्या कागदपत्रांवर 'परभणी' हा जिल्हा आढळतो. अर्जातील तालुका व जिल्हा यांची आजची जोडी जुळली नाही, तरी अर्जदार खोटा ठरत नाही. फंक्शनने सर्व दोषांची यादी परत केल्यास अर्जदाराला ते एकाच वेळी दाखवता येतात. पहिल्याच दोषावर अपवाद निर्माण झाल्यास उरलेले दोष तपासलेच जात नाहीत.

या पद्धतीचा धोका असा की परतमूल्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. सी भाषेतील 'एटॉय' हे फंक्शन अक्षरे दिल्यावर शून्य परत करते. खरे शून्य आणि चूक यांत फरक उरत नाही. पायथनमधील 'फाइंड' मजकूर न सापडल्यास उणे एक देते, आणि त्या भाषेत उणे एक हे शेवटच्या अक्षराचे वैध स्थानही असते.

अपवाद

पाच तालुक्यांची यादी असलेली फाइलच नाहीशी झाली, तर दोष अर्जदाराचा नसतो आणि पडताळणी पुढे चालूही शकत नाही. अशा वेळी अपवाद योग्य ठरतो. आधी तपासून झालेली माहिती आतील फंक्शनपर्यंत सदोष पोहोचणे हीदेखील आज्ञावलीतील चूक मानली जाते.

भाषांमधील सोयी

सी शार्पमध्ये 'पार्स' अपवाद निर्माण करते, तर 'ट्रायपार्स' खरे-खोटे असे उत्तर देते. गो भाषेत मूल्य व त्रुटी एकत्र परत येतात. रस्टमध्ये त्यासाठी 'रिझल्ट' हा प्रकार आहे.

देवनागरी अंक

हिंगोलीचा पिनकोड '४३१५१३' असा देवनागरीत दिल्यास पायथनचे 'इंट' तो स्वीकारते; जावास्क्रिप्टचे 'नंबर' मात्र अपवाद न करता 'नॅन' हे मूल्य देते. त्यामुळे मराठी अर्जांत वैधतेचा नियम स्पष्टपणे ठरवणे आवश्यक असते.

हेही पहा

आज्ञावली भाषा
युनिकोड
हिंगोली जिल्हा