ट्रेंटकाठचे दिरहम

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात ट्रेंट नदीच्या काठी टॉर्कसी नावाचे एक लहान गाव आहे. गावाच्या उत्तरेला नदीलगतच्या उंचवट्यावर शेते आहेत. दरवर्षी नांगरट होते, पीक निघते. वरवर पाहणाऱ्याला तिथे इतिहासाचे काही दिसत नाही. पडका बुरूज नाही, शिलालेख नाही. पण गेली काही दशके हौशी माणसे शेतमालकाची परवानगी काढून, हातात धातुशोधक यंत्र घेऊन आणि कानाला हेडफोन लावून या ढेकळांतून फिरत आली आहेत. त्यांना जे सापडले त्यात चांदीचे पातळ तुकडे होते, बोटाच्या नखाएवढे किंवा त्याहूनही लहान. माती झटकल्यावर त्यांवर अक्षरे दिसली. ती इंग्रजी नव्हती आणि लॅटिनही नव्हती. ती अरबी होती, कूफी वळणाची.

असे शंभराहून अधिक तुकडे त्या शेतांत मिळाले. ते अब्बासी खिलाफतीच्या काळातील दिरहमांचे तुकडे आहेत. बगदादच्या मुल्कातली चांदी इंग्लंडच्या एका नदीकाठी कशी पोचली, हा प्रश्न कोणालाही पडेल. आपल्याला तो जरा अधिकच पडतो. आपली लिपी परक्या मातीत सापडली की छाती फुगते. पण छाती फुगवण्याआधी त्या तुकड्यांची साक्ष पूर्ण ऐकून घ्यायला हवी.

इसवी सन ८६५ मध्ये वायकिंगांचे एक मोठे सैन्य इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. एकामागून एक राज्ये त्याने मोडली. ८७२-७३ चा हिवाळा या सैन्याने टॉर्कसीला काढला, एवढी नोंद ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या जुन्या बखरीत आहे. त्यापलीकडे तपशील नाही. छावणी नेमकी कुठे होती, किती मोठी होती, तिथे माणसे काय करीत होती, याविषयी बखर मुकी आहे. ही उणीव यंत्रवाल्यांच्या सापडलेल्या वस्तूंनी भरून काढली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील नाणेतज्ज्ञ मार्क ब्लॅकबर्न यांनी या वस्तूंची नोंद आणि अभ्यास केला. पुढे डॉन हॅडली आणि ज्युलियन रिचर्ड्स या पुरातत्त्वज्ञांनी २०११ पासून त्या जागेची पद्धतशीर पाहणी केली. एका बाजूला नदी आणि बाकीच्या बाजूंना दलदल असलेली सुमारे ५५ हेक्टरांची ही छावणी होती. तिथे वजने सापडली, सोन्याचांदीचे तोडलेले तुकडे सापडले, शिशाच्या शेकडो सोंगट्या सापडल्या. सुया आणि चात्याही सापडल्या. म्हणजे तिथे केवळ तलवारबहाद्दर नव्हते. कारागीर होते, व्यापारी होते, बहुधा बायका आणि मुलेही होती.

ज्या यंत्राने हे घडवले त्याची कुळकथाही गमतीची आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू हुडकणारे एक उपकरण तयार केले. गोळी काही सापडली नाही आणि अध्यक्ष वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर पेरलेले सुरुंग शोधण्यात आले. युद्धानंतर हे यंत्र हौशी लोकांच्या हाती आले. त्यातल्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते, खाली धातू असेल तर त्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागून कानात आवाज होतो. लहानशा नाण्यासाठी त्याची पोच वीतभर खोलीची. बिअरच्या डब्याचे झाकण आणि अब्बासी दिरहम हा फरक मात्र उकरून पाहिल्याशिवाय खात्रीने कळत नाही.

आता दिरहमाकडे वळू. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ ते ७९ या काळात नाण्यांची फेररचना केली. राजाचे चित्र गेले आणि त्याच्या जागी अक्षरे आली. मधोमध तौहीदचा कलमा आणि कडेने टांकसाळीचे गाव व हिजरी साल. अभ्यासकाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. स्वतःचे जन्मगाव आणि जन्मसाल अंगावर कोरून घेतलेले हे नाणे आहे. मदीनतुस्सलाम म्हणजे बगदाद, वासित, रय, समरकंद, शाश म्हणजे आजचे ताश्कंद, अशा टांकसाळींचे दिरहम युरोपच्या उत्तरेत सापडतात. टॉर्कसीच्या तुकड्यांतले सर्वांत अलीकडचे तुकडे ८६० च्या दशकातले आहेत. छावणी पडली ८७२ मध्ये. म्हणजे टांकसाळीतून निघालेली चांदी थोड्याच वर्षांत हजारो मैल कापून ट्रेंटकाठी आली होती.

ही वाट नद्यांची होती. कॅस्पियनकडून व्होल्गा नदीने वर, तिथून रशियाच्या जंगलांतल्या नद्यांनी बाल्टिक समुद्रापर्यंत, आणि पुढे जहाजाने पश्चिमेकडे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज या शेतात १९९९ साली धातुशोधक यंत्रानेच चांदीचा एक प्रचंड साठा सापडला. त्यात सुमारे ६७ किलो चांदी आणि १४ हजारांहून अधिक नाणी आहेत. बहुतेक नाणी इस्लामी मुलखातली आहेत. त्यातले शेवटचे नाणे ८७०-७१ चे आहे, म्हणजे अगदी टॉर्कसीच्या काळातले. त्याच साठ्यात खझर लोकांनी दिरहमाची नक्कल करून पाडलेले एक नाणे आहे. त्यावर अरबीत मूसा हे अल्लाहचे प्रेषित असल्याचे लिहिले आहे. खझरांच्या राज्यकर्त्यांनी यहुदी धर्म स्वीकारला होता. चांदी एक, लिपी एक आणि त्यावर आपापली श्रद्धा, असा तो बाजार होता.

वायकिंगांना मात्र त्या अक्षरांशी कर्तव्य नव्हते. कलमा त्यांना वाचता येत नव्हता. त्यांच्या लेखी दिरहम म्हणजे वजनावर घ्यायची चोख चांदी. खोटी तर नाही ना हे पाहायला ते चाकूने टोचून बघत, आणि सुटे पैसे लागले की तिचे तुकडे करीत. कलम्याचे निम्मे शब्द एका तुकड्यावर आणि निम्मे दुसऱ्यावर राहिले, ते यामुळे. यात द्वेष नाही, अपमानही नाही. नुसता हिशेब आहे.

मग ही चांदी त्यांना कशाच्या बदल्यात मिळाली? इथे आपल्याला खाली मान घालावी लागते. त्यांनी विकली ती केसाळ कातडी, तलवारी, आणि माणसे. खलिफा मुक्तदिरच्या शिष्टमंडळाबरोबर अहमद इब्न फदलान ९२१ साली बगदादहून निघाला आणि ९२२ मध्ये व्होल्गाकाठच्या बुल्गारांकडे पोचला. तिथे त्याने रूस व्यापारी पाहिले. त्यांच्यासोबत विकायला आणलेल्या दासी होत्या. त्या व्यापाऱ्याकडे दहा हजार दिरहम जमले की तो बायकोला एक गळ्यातले करतो, असे इब्न फदलान नोंदवतो. पुढच्या दहा हजारांना दुसरे. म्हणजे त्या बाईच्या गळ्यातले अलंकार मोजले की तिच्या नवऱ्याने केलेला सौदा मोजता येत असे.

त्याच्या आधी, वायकिंग टॉर्कसीच्या थंडीत सोंगट्या खेळत होते तेव्हा, बसऱ्याच्या दलदलीत झंज गुलामांचे बंड पेटलेले होते. ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे ते चालले आणि त्याने खिलाफत हादरवली. त्यात राबवले गेलेले बरेच लोक पूर्व आफ्रिकेतून आणलेले होते. उत्तरेकडचे गुलाम निराळे, दक्षिणेकडचे निराळे, पण ज्या बाजारात त्यांना मागणी होती तो एकच. ट्रेंटकाठचा दिरहम इस्लामी जगाच्या संपन्नतेची साक्ष देतो, तिथल्या टांकसाळींच्या शिस्तीची साक्ष देतो, आणि या बाजाराचीही देतो. पहिल्या दोन साक्षी नोंदवायच्या आणि तिसरी गाळायची, हा इतिहास नव्हे. आपल्याविरुद्ध लिहिलेल्या इतिहासात असे गाळलेले आपल्याला बरोबर दिसते. स्वतः लिहिताना तेवढीच नजर हवी.

पण साक्ष मिळण्यासाठी साक्षीदाराची जागा ठाऊक असावी लागते. हाच इंग्लंडमधल्या जुन्या वादाचा मुद्दा आहे. १९८० च्या सुमारास तिथले पुरातत्त्वज्ञ यंत्रवाल्यांना सरसकट लुटारू म्हणत. त्यात तथ्यही होते. रात्रीच्या अंधारात राखीव स्थळे उकरली जात होती. शेवटी १९९६ चा निखातनिधी कायदा आला आणि १९९७ पासून अमलात आला. सोन्याचांदीचा जुना साठा सापडला तर चौदा दिवसांत कळवायचे, संग्रहालयाने घेतला तर किंमत शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटायची. त्याच वर्षी साध्यासुध्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजनाही सुरू झाली. तिच्याकडे आज १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. एकेकटा दिरहमाचा तुकडा बाजारात फार किमतीचा नसतो. पण कोणत्या शेतात, कोणत्या कोपऱ्यात सापडला हे लिहिलेले शंभर तुकडे एक छावणी उभी करतात.

२०१५ सालच्या दोन घटना यासाठी पुरेशा आहेत. ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ एका हौशी शोधकाला ८७० च्या दशकातला नाण्यांचा साठा मिळाला. त्याने लगेच कळवले. तज्ज्ञांनी मातीच्या ढेकळासकट तो उचलला. त्यातल्या नाण्यांवरून वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे बरोबरीने नाणी पाडणारे मित्रराजे होते असे ठळक झाले. बखरीने मात्र केओलवुल्फला वायकिंगांचे बाहुले ठरवून टाकले होते. त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये दोघांना असाच साठा मिळाला. त्यांनी तो लपवला आणि परस्पर विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. साठ्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज होता. त्यातली बहुतेक विखुरली. नाणी कुठेतरी असतील, पण त्यांची एकत्र साक्ष संपली.

ही गोष्ट वाचताना मला आमचा मोहल्ला आठवतो. लहानपणी नदीकडचे एक जुने घर पाडताना भिंतीत नाण्यांचे मडके सापडले. मोठ्यांनी कुजबुजत वाटणी केली आणि आठवड्याभरात सगळी चांदी सराफाच्या मुशीत गेली. नाणी निजामशाहीची होती की मोगलांची, हे कोणी पाहिलेच नाही. आजी म्हणायची, “बाबा, रिज्क होता, खाल्ला.” तिला दोष कसा देणार? दहा रुपयांहून अधिक किमतीचे निखातधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असा १८७८ चा कायदा आपल्याकडे आहे. पण लोकांच्या मनात कळवणे म्हणजे पोलीस, पंचनामा आणि हेलपाटे. त्यामुळे आपल्याकडे जमिनीतल्या वस्तूला ‘पुरावा’ हे नाव नाही, ‘गुप्तधन’ हे नाव आहे. त्यापायी मांत्रिक येतात, बळी दिले जातात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला या अघोरीपणाचा वेगळा उल्लेख करावा लागला.

जे वितळले नाही त्याचे मोल बघा. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा इसवी सन ९२६ चा एक ताम्रपट आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण भागाचा कारभार मधुमती म्हणजे मुहम्मद नावाच्या ताजिक, अर्थात अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याने नद्या पार करायला फुकट नावा ठेवल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला दान द्यायला संमती दिली, असे त्यात लिहिले आहे. आपल्या मातीत मुसलमान केव्हा आले आणि कसे वागले, या रोजच्या भांडणात हा पत्रा शांतपणे साक्ष देतो. तांब्याच्या भावाने तो तांबटाकडे गेला असता तर एक भांडे झाले असते.

टॉर्कसीच्या शेतात फिरणाऱ्या माणसाला अरबी वाचता येत नव्हते. तरी त्याने तुकडा जपून ठेवला, जागा लिहून ठेवली आणि जाणकारापुढे नेऊन ठेवला. आपल्या घरांच्या भिंतीत, कबरस्तानांच्या कडेला, नदीच्या दरडीत अजून बरेच काही आहे. ते हाती आले तर आधी सराफाकडे जाऊ नये, एवढे तरी आपण मुलांना सांगू शकतो.