वस्त्र आणि चेहरा : हॉलरच्या कुलीन स्त्रिया

व्यक्तिचित्राची समीक्षा बहुधा चेहऱ्यापासून सुरू होते. चेहरा हा आशय आणि वस्त्र हा अलंकार, हे द्वैत तिने गृहीतच धरलेले असते. बरोक काळातील एचिंगच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहावयास हवे.

मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटन करावयाचे आणि उघडा पडलेला धातू आम्लाकडून खोदून घ्यावयाचा, ही एचिंगची रीत. रंगाच्या अभावी रेशमाची चकाकी, लेसची जाळी, फरची लव हे सारे रेषांच्या दाटीतूनच साधावे लागते. उजळ चेहऱ्याच्या जागी मात्र कागद बराचसा कोराच राहतो. म्हणजे वस्त्राला प्राधान्य देण्याची शक्यता माध्यमातच अंतर्भूत आहे.

प्रागमध्ये जन्मलेल्या वेन्सेस्लॉस हॉलरने (१६०७-१६७७) ही शक्यता टोकापर्यंत नेली. अरुंडेलच्या अर्लच्या आश्रयाने तो १६३६ मध्ये इंग्लंडला आला. १६४० च्या त्याच्या २६ चित्रांच्या मालिकेत उमराव घराण्यातील स्त्रीपासून खेडुत स्त्रीपर्यंतचे पेहराव आहेत. येथे स्त्रिया निनावी आहेत. त्यांची ओळख दर्जाने ठरते आणि दर्जा वस्त्राने. १६४३ च्या ‘हिवाळा’ या चित्रातील उंची पोशाखातील स्त्रीने काळा अर्धमुखवटा घातला आहे. फर, मफ आणि हाताने उचलून धरलेला घागरा यांवरूनच ती ‘वाचावी’ लागते. १६४४ मध्ये हॉलर अँटवर्पला गेला. तेथे १६४७ साली त्याने केलेल्या एका एचिंगमध्ये मफ आणि वेशभूषेच्या इतर वस्तू मांडलेल्या आहेत. ती वापरणारी स्त्री चित्रात नाहीच.

नाव, चेहरा आणि शेवटी देह असा हा क्रमाक्रमाने होणारा लोप आहे. १६४२ मध्ये भडकलेल्या इंग्लंडमधील यादवी युद्धाशी त्याचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे उतावीळपणाचे ठरेल. महत्त्वाचा आहे तो छापील चित्राचा ग्राहक. तैलचित्र घराण्याच्या भिंतीवर, त्या चेहऱ्याला ओळखणाऱ्यांसमोर टांगले जाते. छापील प्रत मात्र अनोळखी हातांत पडते, आणि त्या ग्राहकाला परिचित असते ती वस्त्राची चिन्हभाषा.

म्हणूनच या चित्रांना केवळ वेशभूषेची साधने मानणे जितके अपुरे, तितकेच त्यांत व्यक्तिमत्त्वाचा अभाव शोधणेही. कुलीनता ही चेहऱ्यात उपजत नसून अंगावर घातली जाते, म्हणून ती अंगावरून उतरवताही येते, हे हॉलरची रेषा दाखवून देते. मांडून ठेवलेल्या त्या मफांमध्ये स्त्रीची अनुपस्थिती हाच चित्राचा आशय होतो.