फोटोतला माणूस आणि त्याचे नाव

आज घरोघरी फोटो आहेत. विहारात तथागत आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालूनच आपण वंदना घेतो. पण ही फोटोची कला आली कोठून आणि तिने गरिबाला कसे टिपले, हे आपल्या पोराबाळांना माहीत असावे म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

फ्रान्सच्या दागेर यांची फोटोची रीत १८३९ साली जगापुढे आली. त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस याने दुकानामागे उभे राहून स्वतःचाच फोटो काढला. त्या काळी फोटोसाठी मिनिट-मिनिट न हलता राहावे लागे. मान हलू नये म्हणून पुढे पुढे मागून लोखंडी टेकू देत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित फोटोग्राफर. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला.

इकडे आपल्या अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला रंगवीत होते. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिलसाहेबांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती. ते फोटो १८६४ साली पुस्तकात आले, म्हणून राहिले. फोटोची किंमत ही अशी.

मग गोरगरिबाचे काय? त्याचाही फोटो निघाला, पण दुसऱ्याच्या कामासाठी. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. माणसे स्टुडिओत उभी केली आणि मागचा देखावा नंतर जोडला! पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'पीपल ऑफ इंडिया' चे आठ खंड काढले. त्यात राजेरजवाड्यांची नावे आहेत. बाकीच्यांच्या फोटोखाली बहुतेक ठिकाणी फक्त जात. चेहरा आहे, डोळे आहेत, पण नाव नाही. गिरणीत आम्हालाही नावाऐवजी बिल्ल्याच्या नंबराने हाक मारीत, म्हणून ही गोष्ट आम्हाला लागते.

कॉर्नेलियसच्या त्या फोटोमागे सालासकट नोंद लिहिलेली आहे. बंधू-भगिनींनो, आपल्या पेटीत, भिंतीवर आजा-आजीचे जुने फोटो असतील. जाणती माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्या आणि मागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहून ठेवा. नाहीतर उद्या आपली माणसेही बिननावाचीच राहतील.

जय भीम!