युरिन इन्फेक्शनवर गोळी लागू का पडत नाही? रेझिस्टंट बॅक्टेरियाची सोपी माहिती

समजा रोह्यात राहणाऱ्या एका ताईला लघवीला जळजळ होतेय. पेणची मैत्रीण तिला व्हॉट्सअ‍ॅपवर गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो पाठवते: "मला याने दोन दिवसांत बरं वाटलं होतं." ताई मेडिकलमधून त्याच चार गोळ्या आणते. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप येतो. नेमकं चुकलं कुठे? चला, समजून घेऊया.

युरिन इन्फेक्शन कशामुळे होतं?

आपल्याकडे जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धण्याचं पाणी देतात. पाणी कमी प्यायल्यानेही जळजळ होते, पण इन्फेक्शन असेल तर आत बॅक्टेरिया वाढत असतात. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो. तो एरवी आतड्यात निवांत राहतो, मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा त्रास जास्त होतो.

रेझिस्टन्स येतो कसा?

अनुकूल वातावरणात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. इतक्या कॉप्या होताना जीन्समध्ये चुका होतात आणि एखादी चूक औषधापासून वाचवते. अँटिबायोटिक घेतलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो.

दुसरा मार्ग जास्त धोकादायक आहे. बॅक्टेरियाकडे प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा असतो. आपण ब्लूटूथने फाईल पाठवतो तसा तो शेजारच्या बॅक्टेरियाला देता येतो, वेगळ्या जातीच्या सुद्धा. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धचे जीन्स असू शकतात. ईएसबीएल हे एन्झाईम असंच पसरतं आणि सेफिक्झिमसारखी औषधं तोडून टाकतं.

हे आपल्या जवळ आलंय का?

हो. २००८ मध्ये भारतात येऊन गेलेल्या, मूळ भारतीय असलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला बॅक्टेरिया सापडला. त्यातल्या नव्या एन्झाईमला एनडीएम-१ नाव पडलं. ते राखीव ठेवलेली कार्बापेनेम औषधंही निकामी करतं. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ बॅक्टेरियांची माहिती छापली. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं.

पेण-रोह्याहून कामाला, उपचाराला लोक मुंबई-पनवेलला जातातच. असे बॅक्टेरिया काहीही त्रास न देता कित्येक महिने आतड्यात राहू शकतात. त्यामुळे "हे मोठ्या शहराचं दुखणं" असं म्हणून चालत नाही. सांडपाणी आणि न धुतलेले हात हेही त्यांचे रस्ते आहेत.

कल्चर टेस्ट म्हणजे काय?

लघवीतले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवतात आणि कोणत्या औषधाने ते थांबतात ते बघतात. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधापुढे "एस" असेल तर ते चालतं, "आर" असेल तर बॅक्टेरिया त्याला जुमानत नाही. पण रिपोर्ट वाचून स्वतः गोळी निवडू नका. वय, किडनी, गरोदरपण हे बघून डॉक्टर औषध ठरवतात.

नमुना देताना लक्षात ठेवा:
१. जागा पाण्याने स्वच्छ करा. सुरुवातीची लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या.
२. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या.
३. डबी लगेच लॅबला पोहोचवा. उशीर झाला तर बॅक्टेरिया डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकतो.

आपण काय करायचं?

• स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.
• उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका, कुणाला देऊही नका.
• डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस औषध घ्या, मनाने कमी-जास्त करू नका.
• थंडी-ताप, कंबरेच्या वर बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

आता ताईकडे परत येऊ. मैत्रिणीचा हेतू चांगलाच होता. पण तिचा बॅक्टेरिया वेगळा, ताईचा वेगळा. पुढच्या वेळी कुणी स्ट्रिपचा फोटो मागितला, तर त्याऐवजी एवढंच लिहा: "आधी डॉक्टरांना दाखव, आणि कल्चर करायचं का ते विचार."