चेतक-चीता ते एलयूएच : हेलिकॉप्टरची निवृत्ती लांबते का?

कोल्हापूर-बेळगावकडून बेंगळुरूला जाताना तुमकुरू मागे पडले की शहराच्या तोंडाशी पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७० च्या दशकात वसलेल्या या वसाहतीत लहान-मोठे हजारो कारखाने आहेत. कुणी लेथवर दांडे कातते, कुणी गिअर कापते, कुणी भट्टीत तापवून धातू कठीण करते. त्यांतील काही कारखाने विमान उद्योगासाठी सुटे भाग बनवतात.

लष्करी हेलिकॉप्टरच्या इतिहासाची सुरुवात आपण येथून करत आहोत, कारण हेलिकॉप्टरमधील पाती, गिअरबॉक्स, बेअरिंग असे अनेक भाग ठरावीक तास उडल्यावर बदलावे लागतात. हे भाग मिळत राहिले तरच हेलिकॉप्टर सेवेत राहते. या पाठात आपण चेतक आणि चीता यांची निवृत्ती कशी लांबत गेली ते पाहू.

१. परवान्यावर सुरुवात

१९६२ मध्ये फ्रान्सच्या स्युद एव्हिएशन कंपनीशी करार झाला आणि ‘आलुएत-३’ हे हेलिकॉप्टर बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडमध्ये (एचएएल) तयार होऊ लागले. महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून त्याला ‘चेतक’ हे नाव मिळाले. रसद, टेहळणी, जखमींची ने-आण, समुद्रावरील बचाव अशी सर्व कामे त्याने केली. नाशिकच्या गांधीनगर येथील आर्मी एव्हिएशनच्या प्रशिक्षण शाळेत वैमानिकांच्या अनेक तुकड्या चेतक-चीतावरच तयार झाल्या.

२. उंचीचा प्रश्न

उंचावर हवा विरळ असते. त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांना उचलही कमी मिळते. हिमालयासाठी भारताला वेगळे यंत्र हवे होते. त्यासाठी फ्रेंच अभियंत्यांनी आलुएत-२ चा हलका सांगाडा मजबूत केला आणि त्यावर आलुएत-३ चे इंजिन व पाती बसवली. हे ‘लामा’ हेलिकॉप्टर १९६९ मध्ये उडाले. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन बंद पडले, तरी केवळ फिरत्या पात्यांच्या आधारे ते सुखरूप उतरले.

एचएएलमध्ये बनलेला लामा म्हणजेच आपला ‘चीता’. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये सियाचीनच्या बिलाफोंड ला खिंडीजवळ जवान उतरवले गेले, ते चीतामधूनच. तेव्हापासून उंचावरील अनेक ठाण्यांची रसद आणि आजारी जवानांचा जीव या छोट्या हेलिकॉप्टरवर अवलंबून राहिला.

३. बदल का लांबला?

फ्रान्समधील उत्पादन १९८० च्या दशकाअखेर थांबले. भारतात मात्र ते चालू राहिले, कारण तेवढ्या उंचीवर तेच काम करणारे दुसरे यंत्र हाताशी नव्हते. १९७ हलकी हेलिकॉप्टरे परदेशातून घेण्याची प्रक्रिया २००७ मध्ये रद्द झाली. पुन्हा सुरू केलेली प्रक्रिया २०१४ मध्येही रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी ‘कामोव्ह-२२६टी’साठी करार झाला, पण भारतात किती भाग बनणार आणि किंमत किती, या प्रश्नांवर तो अडकून पडला.

या विलंबाची किंमत वैमानिकांनी मोजली. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेली येथे चीता कोसळून तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटून ही हेलिकॉप्टरे बंद करण्याची मागणी केली. त्यांची मागणी रास्त होती. पण चीता एका दिवसात बंद केला तर ठाण्यावरच्या जवानाला खाली कोण आणणार, हाही प्रश्न खरा होता.

४. नवे यंत्र, नवी साखळी

एचएएलचे ‘लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर’ (एलयूएच) ६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रथम उडाले. त्याचे कमाल वजन सुमारे ३,१५० किलो असून त्यात एकच ‘शक्ती’ इंजिन आहे. २०१९ मध्ये लडाखमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. मात्र ऑटोपायलटचे काम रेंगाळल्याने पुढची वाटचाल मंदावली. सेनादलांची गरज १८७ हेलिकॉप्टरांची धरली होती, तर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली पहिल्या १२ ना. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुमकुरू जिल्ह्यात, गुब्बी तालुक्यात ६१५ एकरांवरील कारखान्याचे लोकार्पण झाले. वर्षाला ३० हेलिकॉप्टरे हे त्याचे सुरुवातीचे उद्दिष्ट होते.

आता पीण्याकडे परत या. कल्पना करा, तुमचा एक छोटा कारखाना आहे. जुन्या हेलिकॉप्टरच्या भागाची मागणी वर्षाला थोड्याच नगांवर आली आहे. तरीही त्याचे जिग, गेज आणि तपासणीची कागदपत्रे तुम्हाला सांभाळावी लागतात. दुसरीकडे नव्या भागासाठी यंत्र मोकळे हवे, पण त्याची मोठी मागणी अजून आलेली नाही. संक्रमणाच्या काळात या दोन्ही साखळ्या एकाच वेळी चालवाव्या लागतात. जुनी लवकर तुटली तर उडती हेलिकॉप्टरे जमिनीवर येतात आणि नवी उशिरा उभी राहिली तर जुन्यांचे तास वाढवावे लागतात.

सारांश

चेतक-चीता टिकले ते आठवणींपायी नव्हे. उंचीची गरज कायम होती आणि पर्याय वेळेवर उभा राहिला नाही, म्हणून ते टिकले. शेवटच्या उड्डाणाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळते. पण खरी निवृत्ती होते ती नवे यंत्र त्याच ठाण्यावर, त्याच उंचीवर रोज उतरू लागते तेव्हा.

विचार करा : निवृत्तीची तारीख आधी ठरवावी की पर्यायाची? तुमच्या उत्तरात वैमानिक, ठाण्यावरील जवान आणि भाग बनवणारा कारागीर या तिघांची बाजू मांडा.