हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाईनंतरची धरपकड व न्यायव्यवहार

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने केलेल्या ‘पोलीस कारवाई’मुळे हैदराबाद संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आल्यानंतर त्या प्रदेशात उसळलेली सामूहिक हिंसा, रझाकार असल्याच्या संशयावरून झालेली मोठी धरपकड, विशेष न्यायाधिकरणांपुढील खटले आणि त्यांतून निर्माण झालेला समान न्यायाचा प्रश्न यांचा एकत्रित इतिहास. या घटनांची सर्वाधिक झळ ज्या जिल्ह्यांना पोहोचली, त्यांत तत्कालीन उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्याचा समावेश होतो. लातूर हे त्या काळी याच जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला.

पूर्वपीठिका : १९४१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सु. १ कोटी ६३ लाख होती. तीत मुसलमान सु. एक अष्टमांश होते. तथापि लष्कर, पोलीस व वरिष्ठ मुलकी सेवा यांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठी भाषक जिल्ह्यांचा मराठवाडा हा संस्थानचा पश्चिम भाग होय. सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारी ‘गश्ती निशाण ५३’ ही अधिसूचना १९२९ पासून अंमलात होती, तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये, तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, बंदी घालण्यात आली. ही बंदी १९४६ मध्ये उठली. परंतु ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थानच्या विलीनीकरणासाठी सुरू झालेल्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नेतृत्व पुढे लातूर येथे वकिली करणाऱ्या कासीम रझवी यांच्याकडे आले. त्यांच्या काळात या संघटनेचे रझाकार (स्वयंसेवक) दल सशस्त्र व आक्रमक बनले. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरच्या दहा महिन्यांत रझाकारांनी अनेक गावे लुटली व जाळली. बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड हे त्यांपैकी विशेष कुप्रसिद्ध आहे. अनेक ठिकाणी संस्थानचे पोलीस रझाकारांच्या सोबत असत किंवा त्यांच्या कृत्यांकडे काणाडोळा करीत. सत्याग्रह करणाऱ्यास कैद, पण गाव जाळणाऱ्यास अभय, असा कायद्याचा दुहेरी व्यवहार या काळात रूढ झाला. त्यास काही मुसलमानांनीही उघड विरोध केला. तहसीलदारपदाचा राजीनामा देणारे फरीद मिर्झा व त्यांचे सहकारी यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे निवेदन काढले. इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांवर केलेल्या टीकेमुळे त्याच महिन्यात हत्या झाली.

सीमापट्टा : उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिमेस मुंबई प्रांताची हद्द लागून होती. भूम तालुक्यातील ईट व परिसरातील गावे या सीमापट्ट्यात मोडतात. ईटनजीकचे खर्डा हे जामखेड तालुक्यातील गाव अहमदनगर (सध्याच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात होते. दक्षिणेस बार्शी तालुकाही सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई प्रांतातच होता. बोली, सोयरीक आणि बाजारहाट यांनी हा प्रदेश एकजीव असला, तरी हद्दीच्या दोन्ही बाजूंस नाणे, न्यायालये व पोलीस भिन्न होते. त्यामुळे रझाकारांच्या भयाने गाव सोडणारी कुटुंबे हद्दीपलीकडे आश्रय घेत. स्टेट काँग्रेसची सशस्त्र सीमा-केंद्रेही तेथेच उभारली गेली. या केंद्रांतील तुकड्या करोडगिरी (जकात) नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर हल्ले करीत. त्यांचा सूड रझाकार व पोलीस हद्दीलगतच्या गावांवर उगवीत. हल्ला आणि प्रतिहल्ला यांच्या या मालिकेत कोणत्या गावाने कोणास आश्रय दिला, कोणी कोणाची खबर ठाण्यावर पोहोचविली, यांची स्मृती गावोगाव साठत गेली. सप्टेंबर १९४८ नंतरच्या सूडसत्राची व धरपकडीची दिशा बऱ्याच अंशी या स्मृतीने ठरविली.

पोलीस कारवाई व तदनंतरची हिंसा : १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून निघाली व तिने त्याच दिवशी उस्मानाबाद जिल्ह्यातील नळदुर्ग घेतले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी फौजेचे सेनापती अल् इद्रूस यांनी शरणागती पत्करली. चौधरी हे लष्करी राज्यपाल झाले. प्रत्यक्ष लढाई पाच दिवसांत संपली. परंतु जुने पोलीस निःशस्त्र झालेले किंवा पळालेले आणि नवे पोलीस अद्याप न आलेले, अशा अवस्थेत ग्रामीण भागात सत्तेची पोकळी निर्माण झाली. या पोकळीत मुसलमान वस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर हल्ले झाले. ज्यांनी रझाकारांची साथ केली होती त्यांच्याबरोबरच ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे विणकर, शेतमजूर, व्यापारी व त्यांची कुटुंबेही त्यांत बळी पडली.

या वृत्तांची शहानिशा करून सलोखा निर्माण करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पाठविले. काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे अन्य सदस्य होते. शिष्टमंडळाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला आणि १०९ गावांतील ५०० हून अधिक लोकांच्या जबान्या ऐकल्या. सर्व संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा त्याचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित असून त्यांतील मृतांची संख्या १८,००० हून कमी नसावी, असे त्याने नमूद केले. लातूर येथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या. तेथील सु. दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शिष्टमंडळास गावात आढळले. हजारावर मारले गेले होते व उरलेले परागंदा झाले होते. हे आकडे साक्षींवर आधारलेले अंदाज होत. ते न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत.

पोलिसांच्या व सैनिकांच्या वर्तनाविषयीचे शिष्टमंडळाचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. चौधरी यांच्या ठायी जातीय पूर्वग्रह नसल्याचा निर्वाळा त्याने दिला आणि अनेक ठिकाणी सैन्याने लोकांचे रक्षण केल्याचेही नोंदविले. मात्र काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनी लुटीत भाग घेतला, तर काही ठिकाणी जमावास लुटीसाठी प्रोत्साहन दिले किंवा भाग पाडले, असेही त्याच्या गोपनीय टिपणात म्हटले आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंची उदाहरणेही त्याने आवर्जून दिली. विणकरांमधील परस्परबंधुभावाचा त्यांत खास उल्लेख आहे. गृह व संस्थान खात्यांचे मंत्री वल्लभभाई पटेल यांना शिष्टमंडळाचे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील मजकूर १९८० नंतरच्या दशकात अभ्यासकांच्या ग्रंथांतून बाहेर येऊ लागला व २०१३ च्या सुमारास तो सर्वसामान्य वाचकांस उपलब्ध झाला.

धरपकड : रझाकार संघटनेवर बंदी येताच तिच्या सदस्यांच्या अटकेस प्रारंभ झाला. १९ सप्टेंबर १९४८ च्या सुमारास रझवी यांना अटक झाली, तर पंतप्रधान मीर लायक अली स्थानबद्ध झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतून हजारो मुसलमानांना ताब्यात घेण्यात आले. अत्याचार करणारे टोळीप्रमुख त्यांत होतेच. पण रझाकार कोणास म्हणावे याची काटेकोर व्याख्या नव्हती. अनेकांनी केवळ दडपणाखाली दलात नाव नोंदविले होते, कित्येकांनी एखाददुसऱ्या कवायतीपलीकडे काही केले नव्हते. मुंबई, मद्रास व मध्य प्रांतांतून आणलेल्या नव्या अधिकाऱ्यांना स्थानिक माणसांची ओळख नसल्याने गावातील प्रमुखांच्या सांगण्यावर त्यांची बरीच भिस्त राहिली. जमिनीचा तंटा, देणेघेणे किंवा जुने वैर यांचा निकाल लावण्यास अशा वेळी एक आरोप पुरेसा होई. पुढे प्रकरणांची छाननी होऊन ज्यांच्याविरुद्ध विशिष्ट गुन्ह्याचा पुरावा नव्हता अशा बहुसंख्य स्थानबद्धांची सुटका झाली. परंतु दरम्यान त्यांचे घर, जनावरे वा पेरणी सांभाळण्यास मागे कोणी राहिलेले नसे.

निजामाच्या अनियमित फौजेतून पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमध्ये स्थायिक झालेले अरब, रोहिले व पठाण यांच्याबाबतीत संशयास वंशाचाही आधार मिळाला. त्यांतील अनेकांचा जन्म येथलाच होता व त्यांच्या माता स्थानिक होत्या. तथापि त्यांना परकीय ठरवून छावण्यांत ठेवण्यात आले व देशाबाहेर पाठविण्याचे प्रयत्न झाले. व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिचे कूळ हे अटकेचे कारण ठरण्याचे हे ठळक उदाहरण होय.

शासकीय अधिकारीही या धरपकडीतून सुटले नाहीत. उस्मानाबादचे तत्कालीन जिल्हाधिकारी (अव्वल तालुकदार) मोहम्मद हैदर यांना अटक होऊन कारावास भोगावा लागला. त्यांच्या पश्चात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सीमा-केंद्रांचे हल्ले, रझाकारांची मुजोरी आणि या दोहोंमध्ये सापडलेल्या जिल्हा प्रशासनाची ओढाताण यांचे एका बाजूने केलेले, पण तपशीलवार चित्रण आढळते.

विशेष न्यायाधिकरणे : फसली १३५८ (१९४८-४९) मध्ये लष्करी राज्यपालांनी विशेष न्यायाधिकरणांचा विनियम जारी केला. त्यानुसार खटला सत्र न्यायालयाकडे सोपविण्यापूर्वीची प्राथमिक चौकशी वगळण्यात आली व साक्षी संपूर्ण न नोंदविता त्यांचा सारांश नोंदविण्याची मुभा मिळाली. रझाकारांबरोबरच तेलंगणातील कम्युनिस्ट चळवळीतील आरोपींचे खटलेही या न्यायाधिकरणांपुढे चालले. २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अंमलात आल्यावर, काही आरोपींना सामान्य न्यायप्रक्रियेपासून वेगळे काढणारी ही पद्धती कायद्यापुढील समानतेच्या चौदाव्या अनुच्छेदाशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला.

बिबीनगर दरोडा प्रकरणात रझवी यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली होती. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. विनियमातील पक्षपाती तरतुदी वगळूनही आरोपीस बव्हंशी सामान्य स्वरूपाची सुनावणी मिळाली होती, असे बहुमताच्या निर्णयात म्हटले आहे; अल्पमतातील न्यायाधीशांना मात्र हे मान्य झाले नाही. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटल्यावर रझवी पाकिस्तानात गेले.

हबीब मोहम्मद विरुद्ध हैदराबाद राज्य हा त्याच वर्षीचा दुसरा खटला या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. वरंगळचे सुभेदार असलेल्या या अधिकाऱ्यास डिसेंबर १९४७ मधील एका गावावरील हल्ल्याबद्दल न्यायाधिकरणाने देहदंड सुनावला होता. घटनास्थळी हजर असलेल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची साक्ष अभियोग पक्षाने काढली नाही व बचावाच्या साक्षीदारांना बोलावण्याची संधी आरोपीस मिळाली नाही, या कारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून त्यांना मुक्त केले. ज्या पक्षाविषयी लोकक्षोभ तीव्र आहे त्यातील व्यक्तीलाही निर्दोष सुनावणीचा अधिकार आहे, हे तत्त्व या निर्णयाने अधोरेखित झाले.

मूल्यमापन : रझाकारांच्या अत्याचारांची चौकशी व त्यांच्या सूत्रधारांना शिक्षा या गोष्टी आवश्यक होत्या, त्यांच्या अभावी पीडित गावांचा नव्या राजवटीवर विश्वास बसला नसता. दोष त्या कारवाईत नव्हता, ती एकाच बाजूस पूर्णत्वास गेली यात होता. पोलीस कारवाईनंतरच्या हत्याकांडांप्रकरणी काही हिंदू संशयितांनाही अटक झाली. परंतु त्या हिंसेची राज्यव्यापी न्यायालयीन चौकशी झाली नाही आणि शिष्टमंडळाचा अहवालही दप्तरात राहिला. स्थिर प्रशासनाची निकड, साक्षीदारांचे भय, गावोगावच्या नव्या प्रभावी वर्गाचा पाठिंबा टिकविण्याची गरज आणि जुन्या अत्याचारांविषयीचा सार्वत्रिक संताप ही त्यामागील प्रमुख कारणे दिसतात. परिणामी निजामी अंमलात जे घडत होते त्याचीच उलटी आवृत्ती काही काळ दिसून आली : गुन्हा तोच, पण आरोपी कोणत्या समाजाचा यावर पोलिसांची तत्परता अवलंबून राहिली.

या असमतोलाचा ठसा इतिहासलेखनावरही उमटला. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो व स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाची नोंद विपुल साहित्यात झाली आहे. त्यानंतरच्या आठवड्यांतील मृतांची नोंद मात्र दीर्घकाळ कुटुंबांच्या आठवणींपुरतीच राहिली. सीमापट्ट्यातील गावांनी हे दोन्ही अनुभव पाठोपाठ घेतले. त्यामुळे मुक्तिसंग्रामाचे मोल मान्य करून त्यानंतरच्या अन्यायाचीही नोंद घेणे हे परस्परविरोधी ठरत नाही. निजामी पोलिसांच्या पक्षपाताविरुद्ध ज्या समान न्यायाची मागणी या लढ्याने केली होती, त्याच मागणीच्या कसोटीवर १९४८ नंतरच्या पोलीस व न्यायव्यवहाराचे मूल्यमापन अलीकडील अभ्यासक करू लागले आहेत.